गुरुवारची उघडीप

ती. स्व. ताई हिला धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अर्थात कागदावरच. आठ अंगांत कंबर धरत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण माझ्या कंबरेला ते कोणी सांगितलेलं नाही. ती सगळ्यात पुढे असते.) तुझा घसा आता कसा आहे? मुख्याध्यापिकेचा घसा म्हणजे शाळेची दुसरी घंटाच, तो जपायला हवा. भावोजींचा गुडघा, मुलांचे अभ्यास, कुंडीतलं ते लिंबाचं झाड, सगळं ठीक असेल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघी सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द पत्रात लिहावा लागतो म्हणून लिहिला आहे, त्याच्यावर फार विचार करू नकोस.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मी बोलले तरी मध्येच "थांब, हे लिहून घेते" म्हणतेस. मग माझा धीर सुटतो. परवाच्या फोनवर तू सांगितलंस की गुरुवारी दुपारच्या बोटीने येतेस, मोठी बॅग आणतेस, आणि संध्याकाळच्या बोटीने आईला घेऊन जातेस, ते कायमचं. खोली तयार आहे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे, वैद्यांशी बोलणं झालं आहे. मी "हं" म्हणाले. तू त्याचा अर्थ होकार असा घेतलास. तो अर्थ चुकीचा नव्हता, फक्त पुरा नव्हता. बाकीचा या पत्रात आहे.

आधी तुझं म्हणणं मान्य करून टाकते, म्हणजे वाचताना तुझ्या कपाळावर आठ्या पडायच्या नाहीत. उन्हाळ्यात आई गॅलरीत घसरली, उजवं मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं. मी पहाटे पाचला ऑफिसात जाते, घरी ती एकटी. या वयात तिला असं ठेवणं बरं नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे. तुझं म्हणणं नेहमीच बरोबर असतं, लहानपणापासूनचा माझा त्रास तोच आहे. पण वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तुला फोन करून जे सांगितलं, की तुमच्या आईंचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही, त्या भर पावसात चादर वाळत घालतात आणि तिच्याकडे बघत उभ्या राहतात, त्याबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. ती चादर ऑफिसच्या कामाची आहे.

आता हे नीट सांगायचं तर ऑफिसापासून सुरुवात करावी लागेल. आमचं ऑफिस तुला आठवत असेल, बंदरावरच्या गोदामाच्या माथ्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत साहेब आणि त्यांची फाईल, दुसऱ्या खोलीत मी आणि उरलेलं हवामान. दर शनिवारी दुपारी पुढच्या आठवड्याचा किनारपट्टीचा अंदाज लिहायचा, तो संध्याकाळी सातला रेडिओवर जातो आणि धक्क्यावरच्या पाटीवर खडूने उतरवला जातो. वाऱ्यासाठी आम्हाला पाच शब्द मंजूर आहेत: मंद, मध्यम, वेगवान, जोरदार, वादळी. यांच्या बाहेरचा शब्द वापरायची मुभा नाही. (मी नवीन असताना एकदा 'बोचरा वारा' असं लिहिलं होतं. मुख्य कार्यालयातून विचारणा आली की बोचरा म्हणजे ताशी किती.) यातल्या चौथ्या शब्दाला फार मान आहे. पाटीवर 'जोरदार' लिहिलं की खाडीवरची बोट त्या दिवशी बंद. कोणाला विचारायचं नाही, आभाळाकडे बघायचं नाही, बंद म्हणजे बंद. पुलाचं काम चालू असल्याने रस्ताही नाही. म्हणजे हा किनारा माझ्या एका शब्दाने जगापासून तुटू शकतो. असा अधिकार ज्या बाईच्या हातात आहे ती सध्या चपला वेगवेगळ्या रंगांच्या घालून ऑफिसात जाते, हे तू शाळेत कोणाला सांगू नकोस.

तर गेल्या महिन्यात गच्चीवरचं वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र मोडलं. त्याला तीन वाट्या असतात, वाऱ्याने गरगर फिरतात. त्यातली एक उडून समुद्रात गेली. दोन वाट्यांवर ते यंत्र अर्धी फेरी मारतं आणि विचार करत थांबतं, जसे आपले भावोजी बाजारात. मी नवीन वाटीसाठी अर्ज केला. अर्जात 'नादुरुस्तीचे कारण' असा रकाना होता, मी लिहिलं, वारा. आठ दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता की वारा मोजण्याच्या यंत्राच्या बाबतीत वारा हे कारण ग्राह्य धरता येत नाही, योग्य कारणासह पुन्हा सादर करावा. मी अजून योग्य कारण शोधते आहे. त्याच आठवड्यात माझा जोडीदार निरीक्षक महिनाभराच्या रजेवर गेला (घरी जुळी झाली, त्याच्याकडे बघून वाटतं की रजेवर मीच आहे), आणि दोघांच्या पाळ्या माझ्या एकटीच्या गळ्यात आल्या.

रोज सकाळी सहाला वाऱ्याचा आकडा मुख्य कार्यालयात कळवावा लागतो. यंत्र मोडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी घरी आईजवळ रडगाणं गायले. ती म्हणाली, त्यात काय, दोरी आहे ना. तुला आठवतं, ती कपड्यांच्या दोरीकडे बघून बाबांना सांगायची की आज धक्क्यावर कानटोपी घालून जा म्हणून? तेच शास्त्र. रुमाल हलला तर मंद. उशीचे अभ्रे फडफडले तर मध्यम. चादर फुगली तर वेगवान. चादरीने दोरीला वेढे घेतले तर जोरदार. चिमट्यासकट गेली तर वादळी. दुसऱ्या दिवसापासून पावणेसहाच्या ठोक्याला ऑफिसात आईचा फोन यायला लागला. "दीड वेढा," एवढंच सांगायची. मी दीड वेढ्याचा आकडा करून पाठवायची. पाऊस असला तरी चादर बाहेर, कारण पावसातही वारा असतो. एक जुनी निळी चादर तिने त्यासाठी वेगळीच काढली आहे, तिला ती 'ऑफिसची' म्हणते. वरच्या बाईंनी जे बघितलं ते हे. मी त्यांना खरं सांगू शकले असते, पण नोंदवहीत वर छापलेलं आहे 'यंत्राद्वारे', आणि वरच्या बाईंना सांगणं म्हणजे रेडिओला सांगण्यासारखंच, फक्त सातपर्यंत वाट बघावी लागत नाही. म्हणून मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यामुळे आई तुझ्या लेखी भ्रमिष्ट ठरली. हे पहिलं पाप.

पुढचं ऐक. पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयाकडून पत्र आलं. मला वाटलं संपलं सगळं. पत्रात होतं की आपल्या केंद्रावरील वाऱ्याच्या नोंदी समुद्रातल्या जहाजांच्या नोंदींशी अलीकडे विलक्षण जुळत आहेत, याबद्दल अभिनंदन, यंत्राची निगा कशी राखता ते कळवावे. साहेबांनी ते पत्र भिंतीवर लावलं आणि मला विचारलं, निगा कशी राखतो आपण? मी म्हटलं, दिवसाआड धुते.

(इथे मध्ये वीस मिनिटं गेली. मी कागदावर डोकं टेकलं होतं. वरचा डाग चहाचा नाही, झोपेचा आहे. माफ कर.)

तर काल शनिवार. पुढच्या आठवड्याचे नकाशे माझ्यापुढे होते. सोमवारी दुपारपासून बुधवारपर्यंत वारा आणि पाऊस, शरदात इथे असतो तसाच, तिरका, छत्रीच्या खालून येणारा, दाराच्या फटीतून शिट्टी घालणारा. घरात कपडे वाळत नाहीत, काड्यापेटी पेटत नाही, आणि माणसाला उगाचच जुने अपमान आठवतात. शुक्रवारपासून पुन्हा तेच, पुरते आठ दिवस. मध्ये गुरुवार मात्र मोकळा. एक वारा गेलेला आणि दुसरा यायचा आहे, असा दोन पाहुण्यांमधला दिवस. आईनेही सकाळच्या फोनवर सांगितलं होतं, गुरुवारी उघडीप. नकाशा आणि आई यांचं एकमत फार क्वचित होतं. म्हणजे गुरुवारपुढे मला 'मंद' लिहायचं होतं. फार तर 'मध्यम'.

मी 'जोरदार' लिहिलं.

पेनाने लिहिलं असं म्हणणार होते, पण पेन माझ्या हातात होतं आणि हात माझाच होता. खाली सही केली. नऊ वर्षांत माझे अंदाज खूपदा चुकले आहेत, पण माहीत असून चुकलेला हा पहिलाच. बोट बंद राहील, तू येणार नाहीस, शुक्रवारपासून तर बंदच, मग तुझ्या शाळेची परीक्षा लागेल, मग थंडी, आणि थंडीत म्हाताऱ्या माणसाची जागा बदलू नये हे तूच म्हणतेस. असा सगळा हिशेब मी एका शब्दात बसवला होता. बुद्धी अजून शाबूत आहे, वापर चुकीचा चालला आहे, एवढंच.

संध्याकाळी सातला रेडिओवर अंदाज लागला. आई अभ्र्यांच्या घड्या घालत होती. गुरुवार आला, जोरदार आलं, तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली की गुरुवारी चादर हलणारसुद्धा नाही. मी म्हटलं, नकाशे वेगळं सांगतात. ती म्हणाली, "असेल बाई." तुला ठाऊक आहे, आपल्या घरात 'असेल बाई'च्या वरची शिक्षा नाही. पाठीत धपाटा बसलेला परवडतो.

आज सकाळी दार वाजलं. बोटवाले काका, रेनकोटातून पाणी गाळत. इकडची माणसं पाटी वाचतात आणि मग आईला विचारतात, हे मला आजच कळलं. ते म्हणाले की पलीकडच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा येतात, ते याच गुरुवारी. या काठावरची बेचाळीस म्हातारी माणसं मोतीबिंदूसाठी जायची आहेत. पाटीवर जोरदार आहे म्हणून आज घरोघर नको म्हणून सांगायला निघालो होतो, जाता जाता विचारावं म्हटलं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच वाईट होतं. मग त्यांनी आईला विचारलं, गुरुवारी नक्की का हो?

आईने माझ्याकडे बघितलं.

"हिला विचारा. अंदाज हिचा आहे."

आणि ती चहा टाकायला आत निघून गेली. ताई, मला बेचाळीस माणसं दिसायला लागली. तीही मला अंधूक बघत होती. मी काकांना म्हटलं की कोणाला काही सांगू नका, दुपारी पाटी पुन्हा बघा. ते चहा पिऊन गेले. कप उचलताना आई म्हणाली, "ताईला येऊ नको म्हणायचं तर तोंडाने म्हण. त्यासाठी समुद्र कशाला खवळायला लावतेस?"

दुरुस्ती करायची तर साहेबांची सही लागते. रविवार होता. साहेब घरच्या चपलांत आले, उलटी झालेली छत्री काखेत धरून. दुरुस्तीच्या फॉर्मवर कारणाचा रकाना (आमच्याकडे वारासुद्धा कारणाशिवाय वाहू देत नाहीत) मी भरला, 'निरीक्षकाची वैयक्तिक चूक'. साहेबांनी 'वैयक्तिक' खोडलं, म्हणाले, हे ठेवलंत तर ते विचारत बसतील. मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "गुरुवारी कोण येणार होतं, बाई?"

मी म्हटलं, ताई.

ते म्हणाले की त्यांचे मेहुणे यायचे असले की त्यांच्याही मनात येतं, पण अजून लिहिलेलं नाही. मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी तू आईला नेणार आहेस ते आणि चादरीचंही सांगून टाकलं. एकदा बांध फुटल्यावर थोडंसं मागे कशाला ठेवायचं? साहेबांनी भिंतीवरच्या अभिनंदनाच्या पत्राकडे एकदा बघितलं. मग नोंदवही मागवली, 'यंत्राद्वारे'च्या पुढे स्वतःच्या अक्षरात 'व अनुभवाद्वारे' असं लिहिलं आणि सही केली. जाताना दारात थांबले. आईंची बदली होणार म्हणता, त्यांच्या जागी कोण, असं विचारलं. ते म्हणाले, आईंना पावसात डोक्यावर काहीतरी घेत जा म्हणावं.

आता त्या 'हं'बद्दल. तू न्यायचं म्हणालीस तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं, ते सांगते, तू माझी बहीण आहेस म्हणून. मला झोप दिसली. अख्खी, सलग, कोणाच्या खोकल्याकडे कान न लावता घेतलेली झोप. ऑफिसात असताना घरी ती पडली तर नसेल, गॅस बंद केला असेल ना, हे मनात न चालणारा एक दिवस दिसला. तेवढ्यापुरतं मी 'हं' म्हणाले. फोन ठेवला आणि लाजेने जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तिचा फोन आला. वेढे सांगून झाले की ती रोज शेवटी विचारते, खाल्लंस का काही. नोंदवहीत सगळं आहे, वेग, दिशा, वेळ, फक्त तेवढं लिहिलेलं नाही. मी चाळीस ओलांडली ताई, केस पांढरे झाले, आणि सकाळी सहाच्या आत मला हा प्रश्न विचारणारं जगात एकच माणूस आहे. ते तुझ्याकडे गेलं तर दांडीला धरून नीट उभं राहील, मला मान्य आहे. मी कशाला धरू, हे मला सुचलेलं नाही.

फार लिहिलं. हात दुखतो आहे आणि टपाल उद्याच्या पहिल्या बोटीने जायला हवं, त्यानंतर बुधवारपर्यंत काही जाणार नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना पापे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर तोंड लहानच आहे हे लक्षात घेऊन सोडून दे.

तुझी,
धाकटी

ता. क. दुरुस्त अंदाज दुपारी पाटीवर लागला आहे. गुरुवार, वारा मंद, बोटीच्या सगळ्या फेऱ्या चालू. म्हणजे तू येऊ नयेस असं म्हणायला माझ्याकडे आता कुठलंही अधिकृत कारण नाही.

दुसरा ता. क. खरं तर या पत्राचं काम एवढंच होतं: तुझ्या शाळेत गुरुवारी अचानक तपासणी निघू शकते का? मी खोटं लिहून बघितलं, मला जमलं नाही. तुझी सही वजनदार आहे, कोणी कारण विचारणार नाही. आणि यायचंच असेल तर निदान मोठी बॅग आणू नकोस. ती दारात ठेवलेली मला बघवणार नाही.

तिसरा ता. क. चि. मोठीस आईचे आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, मनगटामुळे, डोक्यामुळे नाही. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. हिने लिहिलं ते सगळं खरं आहे, पण हिला कळत नाही की हिचं काय झालं आहे. परवा कपडे वाळत घालताना उभ्याने झोपली, चिमटा हातात. गुरुवारी तू ये. मोठी बॅग आण. तिच्यात हिचे कपडे भर. संध्याकाळच्या बोटीने मला नको, हिला घेऊन जा. साहेबांशी मी फोनवर बोलले, रजा दिली आहे, जुळ्यांचा बाप बुधवारी कामावर येतो आहे, त्यालाही घरातून बाहेर पडायचंच आहे. वाऱ्याचं त्याला मी सांगेन. वरच्या बाई रात्री माझ्याकडे झोपायला येणार आहेत, त्यांना चादरीचं समजावलं आहे, आता त्यांना वेढे मोजायची घाई झाली आहे. मला न्यायचं की नाही हे तुम्ही दोघींनी फोनवर ठरवलंत, मला कोणी विचारलं नाही. तिकडे निवांत बसा, आधी हिला झोपू दे, मग दोघी बोला, आणि मग मला विचारा. काय ते तेव्हा सांगेन. हिला यातलं काही बोलू नकोस, नाहीतर येणार नाही. तिकडे आल्यावर दुसऱ्या दिवशी परत जाते म्हणून मागे लागेल, तर घाबरू नकोस. शुक्रवारपासून आठ दिवस बोट बंद आहे. मी बघून घेतलं आहे.